हळकुंड, ओली हळद आणि आपली वही



हळद हा कंदच आहे. बटाटा, कांदा, गाजर, मुळा आपण खात नाही, मग रोजच्या आमटीत हळद कशी चालते? पर्युषण जवळ आलं की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारी बहुतेक वेळा नुकतीच लग्न होऊन आलेली असते. "आजवर चालत आलंय म्हणून चालतं" एवढं उत्तर तिला पुरत नाही, आणि पुरूही नये. म्हणून आज हळदीचा इतिहास सांगते. त्यात आपल्या स्वयंपाकघराचाही बराच इतिहास येतो.

माझं माहेर सांगलीकडचं. सासर मार्गासनीला, नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर. राजगडला निघालेली माणसं आमच्या इथूनच साखर-गुंजवण्याकडे वळतात. इकडे पाऊस दांडगा, पीक भाताचं. हळद असलीच तर परसात न्हाणीच्या पाण्यावर चार-दोन गड्डे. माहेरी मात्र हळद म्हणजे वर्षभराचा हिशेब. तिकडचे शेतकरी पुष्कळसे आपलेच, दिगंबर जैन. त्यामुळे हा प्रश्न तिथे नुसता ताटातला नसतो, शेतातलाही असतो.

हळदीची लागण अक्षय तृतीयेच्या सुमारास सुरू होते. भगवान ऋषभदेवांचं पारणं झालं तो हाच दिवस. आठ-नऊ महिन्यांनी पाला पिवळा पडून वाळला की काढणी. मधला जाड जेठा गड्डा बियाण्याला ठेवतात. बाजूची बोटांसारखी हळकुंडं कढईत शिजवतात. काडी टोचून सहज आत गेली की शिजली असं समजायचं. मग दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवण, आणि शेवटी पिंपात फिरवून पॉलिश. बियाण्याचा गड्डा कुणी शिजवत नाही, कारण शिजलेला कंद परत उगवत नाही.

आपल्या नियमाचं मूळ इथेच आहे. ओला कंद अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव. वाळलेलं हळकुंड अचित्त. आल्याचं आणि सुंठीचं नातंही असंच. मग एखादी हुशार मुलगी लगेच म्हणते, "काकू, बटाट्याचा वाळवलेला कीसही चालायला हवा की!" याचं उत्तर मी आर्यिका माताजींच्या प्रवचनात ऐकलं होतं. हळद आणि सुंठ ही औषधं आहेत. ती चिमटीनं वापरतात, त्यांनी कुणी पोट भरत नाही. बटाटा वाळवतात तो पुढे पोटभर आणि आवडीनं खाण्यासाठी. नियम जिवांच्या संख्येचा आहे तसाच आपल्या आसक्तीचाही आहे. म्हणून थंडीत बाजारात ओल्या हळदीचं लोणचं दिसलं आणि ते कितीही गुणकारी आहे असं कुणी सांगितलं, तरी आपल्या घरात ते येत नाही. तोच गुण सुक्या हळदीतही आहे.

शेतकऱ्याकडून शिजवताना हिंसा होतच नाही का? होते. शास्त्रात गृहस्थासाठी संकल्पी हिंसा वेगळी आणि उद्योगी, आरंभी हिंसा वेगळी मानली आहे ती याचसाठी. शेती करणाऱ्याला उद्योगी हिंसा टळत नाही. आपल्या हातात एवढंच, की चिमटीचं काम मुठीनं करायचं नाही. ज्यांचा नियम याहून कडक आहे त्यांनी आपल्या गुरूंना विचारावं.

आता थोडं मागे जाऊ. हरियाणातल्या फरमाणा इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. सिंधू संस्कृतीच्या काळातल्या, म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या भांड्यांवर हळद आणि आलं यांचे पिष्टकण सापडले. म्हणजे फोडणीत हळद घालणारी पहिली बाई आपल्या ओळखीच्या सगळ्या ग्रंथांच्याही आधीची. पुढे चरक आणि सुश्रुत यांनी हरिद्रेला औषधांत मानाची जागा दिली. संस्कृतात तिला निशा, रजनी अशी रात्रीचीही नावं आहेत.

वैद्यकात आपलीही परंपरा आहे, हे आपल्याच घरांत फारसं माहीत नसतं. नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ लिहिला. औषधात मांस लागतंच असं मानणाऱ्यांना त्यांनी राजसभेत विरोध केला. औषध हवं, पण हिंसेशिवाय, ही त्यांची भूमिका. हा ग्रंथ १९४० साली सोलापुरात छापला गेला म्हणून आज आपल्या हातात आहे. कुणी लिहून ठेवलं आणि कुणी छापलं, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचंच काम पडणार आहे.

सांगलीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सांगलीशेजारी, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या मातीत खोल पेवं खणून हळद साठवत. तोंड अरुंद, पोट मोठं. पेव भरलं की वरून मातीनं बंद. आत हवा नाही, म्हणून कीड नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, कारण आत श्वास घ्यायला हवाच नसते. कीड मारायला औषध नको, मुळात ती होऊच द्यायची नाही, ही साठवण आपल्या अहिंसेला किती जवळची! २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं निकामी झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. घरात आपणही हेच करावं: हळकुंडं खडखडीत वाळलेली, डबा घट्ट झाकणाचा, ओला चमचा वर्ज्य.

आणि आता ती मोठी गोष्ट. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. विषय काय, तर जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर! आमच्या इकडे भातकापणीत विळा लागला की बाई आधी हळद दाबते, मग ओरडते. त्याच गोष्टीवर सातासमुद्रापलीकडे मालकी लागली होती.

तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. मूळचे गोव्याच्या माशेलचे, आणि त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. १९९६ मध्ये परिषदेनं या पेटंटला आव्हान दिलं. पण "आमच्या आज्या हेच करत आल्या" असं सांगून भागणार नव्हतं. परदेशातला नुसता वापर तिथल्या तेव्हाच्या कायद्यात पुरावा धरला जात नसे, छापील उल्लेख लागे. मग संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतून आणि नियतकालिकांतून बत्तीस उल्लेख गोळा केले. त्यात भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. पुढे २००१ मध्ये अशा पारंपरिक ज्ञानाची संगणकीय नोंद ठेवण्याचं काम देशात सुरू झालं.

मैत्रिणींनो, आपण जिंकलो ही आनंदाची गोष्ट आहे. पण मला सल वेगळाच आहे. हळद दाबणाऱ्या लाखो बायकांची साक्ष त्या खटल्यात मोजली गेली नाही, मोजला गेला तो कागद. आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिली दोन आपण बायका पिढ्यान् पिढ्या करत आलो. तिसरं मात्र पुरुषांचं आणि पंडितांचं असं समजून सोडून दिलं. सासूबाईंचं लेपाचं प्रमाण आणि आजीचं कंदमुळाशिवायचं वाटण एका वहीत लिहून ठेवणं, हेही माझ्या मते छोटंसं शास्त्रदानच आहे.

वहीत लिहिण्याजोग्या काही गोष्टी मीच सांगते. हळदीतलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन. ते नुसतं घेतलं तर अंगी फार कमी लागतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधनात १९९८ साली दिसलं, की मिऱ्यातल्या द्रव्यासोबत ते कितीतरी पटींनी जास्त शोषलं जातं. म्हणजे हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड आणि थेंबभर तूप घालण्यात अर्थ आहे. सगळीकडे हे दूध रात्री झोपताना प्या असं लिहिलेलं असतं. आपण ते सूर्यास्ताच्या आत प्यावं. मुरगळलेल्या पायावर हळदीचा गरम लेप, घसा बसला तर हळद-मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, हे सगळ्यांना माहीत आहेच. पण जखम खोल असेल किंवा विळा गंजका असेल, तर हळदीवर थांबू नका. सरळ आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

अर्ध्या हळकुंडानं पिवळंही होऊ नये. हल्ली हळदीच्या अर्काच्या गोळ्या मिळतात. इटलीत २०१९ मध्ये अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आल्याचं आढळलं आणि तिथल्या सरकारला दखल घ्यावी लागली. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. भाजी-आमटीतली हळद वेगळी आणि गोळीतली वेगळी.

भेसळीचंही पाहा. हळकुंड झळझळीत दिसावं म्हणून त्याला शिशाचा पिवळा रंग चोळतात. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. बांगलादेशात हा प्रकार २०१९ मध्ये उघड झाला आणि कडक कारवाईनंतर दोन वर्षांत जवळजवळ थांबला, म्हणजे थांबवता येतो. घरी पाहायचं तर हळकुंड ग्लासभर पाण्यात टाका. पाणी लगेच पिवळं झालं तर ते घेऊ नका. शक्य असेल तिने हळकुंडंच आणून घरी कुटावीत किंवा डोळ्यांसमोर दळून घ्यावीत. झळझळीत रंगाला भुलू नये, चांगल्या हळदीचा वास आधी येतो.

तर पुढच्या वेळी कुणी मुलगी "हळद कशी चालते?" असं विचारेल, तेव्हा तिला गप्प करू नका. कंद कसा शिजतो, का उगवत नाही आणि चिमटीचा अर्थ काय, हे तिला समजावून सांगा. आणि सांगून झालं की तिलाच म्हणा, हे वहीत लिहून ठेव.

जय जिनेंद्र.