तांबे, त्वचा आणि वार्धक्य

व्रणचिकित्सेत ताम्राचा उपयोग अतिप्राचीन होय. ईजिप्तमधील सुमारे इ. स. पूर्व १५५० च्या एबर्स पपायरसात ताम्रयुक्त औषधे आढळतात. सुश्रुतसंहितेतील ऊषकादी गणात तुत्थ, म्हणजेच मोरचूद, गणलेले आहे. जंतुनाश हे त्या जुन्या वैद्यांच्या यशाचे एक कारण असावे. परंतु जखम भरून येण्याच्या क्रियेतच ताम्रास स्थान आहे, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

१९६१ साली ओडेल व त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसून आले की, आहारात तांबे न मिळालेल्या कोंबडीच्या पिलांची महारोहिणी दुबळी होऊन फुटते. १९६८ मध्ये पिनेल व मार्टिन यांनी ज्या विकराचे कार्य दाखविले, त्यामुळे या गोष्टीचा उलगडा होऊ लागला. कोलॅजेन व इलॅस्टिन यांचे सुटे धागे परस्परांस जखडणारा हा विकर तांब्यावाचून निष्क्रिय राहतो. भिंतीस दगड पुष्कळ असावेत पण चुनाच नसावा, तशी मग शरीराची अवस्था होते.

कॅलिफोर्नियातील लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ साली मानवी रक्तातून ग्लायसिन, हिस्टिडिन व लायसिन या तीन अमिनो आम्लांचे एक चिमुकले पेप्टाइड वेगळे केले. त्यांचे लक्ष तेव्हा यकृताच्या पेशींवर होते. त्वचेचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. हे पेप्टाइड तांबे घट्ट धरून ठेवते आणि मोरचुदाप्रमाणेच निळे दिसते. विसाव्या वर्षी रक्तद्रवात दर मिलिलिटरमागे सुमारे २०० नॅनोग्रॅम असणारे त्याचे प्रमाण साठीपर्यंत ८० वर उतरते, असे पिकार्ट यांनी नमूद केले आहे. १९८८ मध्ये फ्रान्समधील माकार प्रभृतींनी पेशीसंवर्धनात त्याच्या योगाने कोलॅजेनची निर्मिती वाढल्याचे दाखविले. विशेष हे की, हीच तीन आम्लांची मालिका कोलॅजेनच्या एका साखळीतही गुंफलेली आहे. तेव्हा जखमेत तुटलेले कोलॅजेन स्वतःच दुरुस्तीची वर्दी देत असावे, असा तर्क त्यांनी मांडला. तर्क मोठा मनोहर आहे खरा!

व्यापाऱ्यांना मात्र तर्क पुरेसा असतो. प्रसाधनांच्या कुप्यांवर तारुण्याची आश्वासने झळकू लागली. सुरकुत्या किंचित कमी झाल्याचे काही चाचण्यांत दिसले. पण त्या चाचण्या लहान होत्या, आणि काचपात्रातील पेशी म्हणजे साठ पावसाळे पाहिलेला चेहरा नव्हे.

याहून गंभीर प्रश्न जखमेचा. मॉरिशसमध्ये मधुमेह घरोघरी परिचित आहे, आणि मधुमेह्याच्या तळपायावरील न भरणारा व्रण कित्येकदा पाय गमावण्यापर्यंत जातो. अशाच व्रणांवर या ताम्र-पेप्टाइडाच्या लेपाची चाचणी होऊन १९९४ मध्ये आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तथापि प्रस्थापित औषधाचे स्थान त्यास अद्याप लाभलेले नाही. साखरेवर नियंत्रण, व्रणाची स्वच्छता, पायावरील भार कमी करणे आणि वेळीच वैद्य गाठणे, हेच उपाय आजही प्रमुख आहेत. घरी मोरचूद लावणे तर सर्वथा वर्ज्य. ते कातडी पोळते आणि पोटात गेल्यास विष ठरते. शरीरास तांबे लागते ते दिवसाकाठी सुमारे एक मिलिग्रॅम, आणि तेवढे डाळी, तीळ व काजू यांतून सहज मिळते.