श्वेत पर्वतावरील लढाई

नाशिकच्या बाळ येशूच्या यात्रेला आपली कुटुंबे भक्तिभावाने जातात. मूळ मूर्ती प्रागच्या विजयी मातेच्या चर्चमध्ये आहे, हेही पुष्कळांना ठाऊक असते. ते चर्च मात्र लूथरपंथीयांनी बांधलेले. १६२४ साली ते कार्मेलाईट संन्याशांच्या हाती आले, ते एका लढाईमुळे.

बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट सरदारांनी हाब्सबुर्ग घराण्याचा फर्डिनांड दुसरा यास डावलून १६१९ मध्ये फ्रेडरिक पाचवा यास राजा केले होते. ८ नोव्हेंबर १६२० च्या रविवारी सम्राटाचे व टिलीच्या कॅथॉलिक संघाचे सैन्य प्रागबाहेरील श्वेत पर्वताशी येऊन ठेपले. पर्वत कसला, बुटकी टेकडीच ती! हल्ला करावा की थांबावे, याविषयी सेनापतींत एकमत होईना. तेव्हा फादर डोमिनिक या स्पॅनिश कार्मेलाईटाने येशूजन्माचे एक चित्र त्यांच्यापुढे धरले. मूर्तिभंजकांनी त्यातील पवित्र व्यक्तींचे डोळे फोडले होते. हल्ल्याचा निर्णय झाला आणि दोन तासांच्या आत लढाई संपलीही. एकच हिवाळा राज्य केलेला फ्रेडरिक पळाला. 'हिवाळी राजा' हे नाव त्याला कायमचे चिकटले.

विजयाची ही कथा आम्ही सेमिनरीत अभिमानाने ऐकली. पुढचा भाग लिहिताना मात्र लेखणी जड होते. २१ जून १६२१ रोजी प्रागच्या चौकात २७ जणांना देहान्त शासन झाले. त्यांत एक कॅथॉलिकही होता. १६२७ च्या राजाज्ञेने सरदारांपुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. थोर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस १६२८ मध्ये मायभूमी सोडून गेला आणि १६७० साली ॲम्स्टरडॅममध्ये वारला. क्रौर्य एकाच बाजूचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. लढाईपूर्वी आठ महिने, मार्च १६२० मध्ये, होलेशोवचे धर्मगुरू यान सार्कांडर प्रॉटेस्टंट अधिकाऱ्यांच्या छळाने मरण पावले. प्रायश्चित्त संस्कारातील गुपित त्यांनी फोडले नाही, अशी श्रद्धा आहे. २१ मे १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओलोमोउत्स येथे त्यांना संतपद बहाल केले आणि त्याच प्रसंगी कॅथॉलिकांनी इतरांवर केलेल्या अन्यायांबद्दल क्षमा मागितली.

स्वीडिश सैन्यापासून शहर वाचल्याबद्दल १६५० साली प्रागच्या त्याच चौकात पवित्र मरियेचा स्तंभ उभारला गेला. तो श्वेत पर्वताचे स्मारक आहे, अशा समजुतीने ३ नोव्हेंबर १९१८ रोजी जमावाने तो पाडला. २०२० साली तो पुन्हा उभा राहिला, तोही वादावादीनंतरच.