अकरा रुपयांची पलटण

रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे होतात आणि न्यू जर्सीहून चिरंजीवांचा फोन येतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हाव्यात हा नियम कुणी केला ठाऊक नाही; पण त्यामुळे गेली बारा वर्षे मी गार पोहे खातो आहे. फोनवरचे विषयही ठरलेले. माझे ब्लडप्रेशर, त्याच्याकडची थंडी आणि तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले असताना हिची 'जेवलास का रे?' ही चौकशी.

त्या रविवारी मात्र अभयने मधेच विचारले, "बाबा, माझी जी. आय. जोची पेटी माळ्यावर आहे ना अजून?"

"पेटी आहे," मी म्हणालो.

हे खोटे नव्हते. पेटी होती. तिच्यात आता आकाशकंदिलाच्या काड्या आणि एक बंद पडलेली इस्त्री होती, एवढेच. धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' म्हटले तेव्हा निदान शंख तरी वाजत होते. इथे ही शेजारीच उभी होती.

"पेटी आहे, आत काही नाही," ती फोनकडे तोंड करून म्हणाली. "ती खेळणी यांनी घराला रंग काढला तेव्हाच भंगारवाल्याला दिली. मी नको म्हणत होते."

खरे आहे. सत्तावीस शिपाई, एक रणगाडा आणि एक फुटकी बादली मिळून अकरा रुपये आले होते. त्यातही भंगारवाल्याचे म्हणणे असे, की भाव बादलीचा आहे, पलटण मी नुसती तुमच्या शब्दाखातर नेतो.

फोनवर बराच वेळ काही आवाज येईना. मग अभय म्हणाला, "इट्स ओके, बाबा." मुलगा मराठीतून चिडला तर बापाने खुशाल दुर्लक्ष करावे, तो इंग्रजीतून 'असू द्या' म्हणाला की समजावे, काहीतरी फार आत लागले आहे.

दोन दिवसांनी नातीने त्याच्या खोलीचा फोटो पाठवला. बेचाळीस वर्षांच्या, घरावर कर्ज असलेल्या माझ्या मुलाच्या खोलीत एक अख्खी भिंत खेळण्यांची होती. एकही खेळणे खोक्याबाहेर नव्हते. खोकी फोडलेलीच नव्हती. नातीने खाली लिहिले होते, 'आजोबा, आम्हाला हात लावायची परवानगी नाही. बाबाला पण नाही.' खेळण्याशी खेळायचे नाही, हा या खेळाचा पहिला नियम आहे, हे मला त्या दिवशी समजले.

आपला गुन्हा नेमका केवढा हे कळावे म्हणून मी अभ्यासाला बसलो. आरोपीने कायद्याची पुस्तके वाचू नयेत म्हणतात ते खरेच आहे. जसजसे वाचत गेलो तसतसे अकरा रुपये मला टोचू लागले.

गोष्ट १९६४ सालची. अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने जवळजवळ फूटभर उंचीचा एक शिपाई बाजारात आणला. त्याला कपडे घालता येत, काढता येत, एकवीस सांध्यांत वाकवता येई. म्हणजे सरळ भाषेत तो बाहुला होता. पण बाहुला म्हटले तर एकही मुलगा हात लावणार नाही आणि त्याचा बाप पैसे काढणार नाही, हे कंपनीने ओळखले होते. म्हणून तिने 'ॲक्शन फिगर' असा नवा शब्दच काढला. घरच्या वरणाला हॉटेलात 'दाल फ्राय' म्हटले की माणूस मुकाट्याने चौपट पैसे देतो, तसे झाले. शिपायाच्या गालावर एक व्रण होता. उजव्या अंगठ्याचे नख चुकून आतल्या बाजूला कोरले गेले होते. कंपनीने ती चूक तशीच ठेवली, कारण कुणी नक्कल केली तर नखावरून चोर सापडे. आमच्या हेडक्लार्कने साऱ्या नोकरीत एक चूक अशी हुशारीने सांभाळली असती तर तो साहेब होऊन रिटायर झाला असता.

पुढे १९७७ च्या मे महिन्यात 'स्टार वॉर्स' हा सिनेमा आला. त्याची खेळणी करायचा हक्क केनर या कंपनीकडे होता. सिनेमा इतका चालेल असे कुणाला वाटले नव्हते, आणि नाताळ आला तरी बाहुले तयार नव्हते. तेव्हा कंपनीने रिकामी पुठ्ठ्याची पाकिटे विकली. आत चिठ्ठी: हे कूपन पाठवा, १९७८ साली चार बाहुले टपालाने घरी येतील. आपल्याकडे त्याच काळात लोक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत होते, म्हणून मला यात विशेष वाटले नाही. पण नाताळच्या सकाळी झाडाखाली पुठ्ठा उघडणाऱ्या त्या पोरांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. केनरचे हे बाहुले पावणेचार इंचांचे होते; लहान अशासाठी, की विमानांत आणि यानांत बसले पाहिजेत. १९८२ साली हॅस्ब्रोने आपला शिपाईही त्याच मापाला आणला. हा पावणेचार इंची शिपाई म्हणजे आमच्या अभयचा.

तो आपल्याकडे आला फनस्कूलमुळे. टायरवाल्या एम. आर. एफ.ने हॅस्ब्रोच्या साथीने १९८७ साली ही कंपनी काढली, आणि तिचा कारखाना गोव्यात होता. म्हणजे मी ज्यांना अमेरिकन समजून हाकलले ते शिपाई आपल्या शेजारचेच निघाले! त्यांतल्या काहींचे रंग अमेरिकेतल्या भाईबंदांपेक्षा निराळे असत, आणि नेमक्या त्याच कारणासाठी तिकडचे संग्राहक आता ते शोधत फिरतात. हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. रात्री भंगारवाला स्वप्नात आला. तो विमानात बसून जात होता आणि मला हात हलवून टाटा करीत होता.

त्याहून वाईट बातमी पुढे होती. १९७९ साली केनर कंपनी बोबा फेट नावाच्या पात्राचा एक बाहुला काढणार होती. त्याच्या पाठीवरचे रॉकेट खरोखर उडणार होते. पण दुसऱ्या एका खेळण्याचा असाच उडणारा तुकडा घशात अडकून एक मूल दगावले, आणि केनरने रॉकेट चिकटवून टाकले. उडत्या रॉकेटचा बाहुला दुकानात कधी आलाच नाही. नमुन्यादाखल केलेले थोडे मागे राहिले. त्यांतला एक २०२४ साली लिलावात ५,२५,००० डॉलरला गेला. रुपयांत चार कोटींच्या वर. ज्याच्याशी एकही मूल कधी खेळले नाही, त्याला सर्वांत जास्त किंमत! हा हिशेब मला आजही जमलेला नाही.

डिसेंबरात अभय आला. मी स्टेशनवर आरोपीसारखा उभा होतो. त्याने विषय काढला नाही, म्हणून जास्तच अवघडलो. तिसऱ्या दिवशी त्याची नजर हिच्या कपाटावरच्या बाळकोबावर गेली.

बाळकोबा हे हिचे अस्वल. हिचे वडील बोटीवर नोकरीला होते. त्यांनी ते १९५८ साली कुठल्याशा युरोपातल्या बंदरातून आणले. हिची मावशी बाळकोबाला पोटात घेऊनच तुळशीला पाणी घालायला निघालेल्या हिला रागावल्याची आठवण अजून सांगते. पाठ झिजून पोत्यासारखी झाली आहे, एका डोळ्याच्या जागी शर्टाचे बटण आहे आणि पोटात पिंजाऱ्याकडून दोनदा कापूस भरून घेतलेला आहे.

"आई, याचा डावा कान बघू," अभय म्हणाला. आवाजात डॉक्टरी गांभीर्य होते.

मला आता कारण ठाऊक होते. जर्मनीत गिएंगेन नावाच्या गावी मार्गारेटे श्टाइफ नावाची एक शिवणकाम करणारी बाई होती. जन्म १८४७. लहानपणीच्या पोलिओने दोन्ही पाय गेलेले, उजवा हात अधू. १८८० साली तिने लोकरी कापडाचे हत्ती शिवले ते टाचण्या खोचायला म्हणून, आणि पोरांनी ते पळवले खेळायला. पोरांना वस्तूचा खरा उपयोग मोठ्यांच्या आधी कळतो. तिच्या रिचर्ड नावाच्या पुतण्याने १९०२ साली हातपाय हलणारे अस्वल केले. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने ३,००० अस्वले मागवली, आणि १९०७ या एका वर्षात त्या कारखान्यातून ९,७४,००० अस्वले बाहेर पडली. नकला होऊ लागल्या म्हणून १९०४ पासून प्रत्येकाच्या डाव्या कानात धातूचे बटण ठोकले जाऊ लागले. बटण असेल तर अस्वल कुलीन, नसेल तर सामान्य. १९९४ साली लंडनच्या लिलावात अशा एका कुलीन अस्वलाला १,१०,००० पौंड आले आणि ते जपानला एका संग्रहालयात गेले.

'टेडी' हे नाव मात्र अमेरिकेचे. नोव्हेंबर १९०२ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले. दिवसभर काही मिळाले नाही, तेव्हा वाटाड्याने एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवले. बांधलेल्यावर मी गोळी झाडणार नाही, असे रूझवेल्ट म्हणाले. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये त्याचे व्यंगचित्र आले, ब्रुकलिनच्या एका मिठाईवाल्या जोडप्याने कापडाचे अस्वल शिवून खिडकीत ठेवले, आणि रूझवेल्ट यांच्या 'टेडी' या घरगुती नावावरून ते 'टेडीज बेअर' झाले. खरे अस्वल जखमी होते. त्याला सुरीने मारून टाकण्यात आले. ते चित्रात नव्हते.

तर अभयने बाळकोबाचा डावा कान पाहायला घेतला. डावा कान नव्हताच. १९६४ साली तो आजोळच्या कुत्र्याने खाल्ला होता.

"म्हणजे आता कधीच कळणार नाही!" अभय मटकन खाली बसला.

"काय कळायचंय?" ही म्हणाली. "हा कोण आहे ते मला ठाऊक आहे."

अभय गप्प झाला. मीही. मग मीच त्याला वाचलेली एक गोष्ट सांगितली. रशियाच्या राजघराण्यातल्या जॉर्ज मिखाइलोविच या ड्यूकने १९०८ साली आपल्या झेनिया नावाच्या लहान मुलीसाठी श्टाइफकडून खास लाल रंगाचे अस्वल करवून घेतले. १९१४ साली मुलगी इंग्लंडला गेली होती, अस्वल बरोबर होते. महायुद्ध सुरू झाले आणि ती तिकडेच अडकली. बाप रशियात राहिला. क्रांतीनंतर, १९१९ साली, त्याला गोळी घालण्यात आली. त्यांची पुन्हा भेट झाली नाही. १९६५ साली झेनिया वारली. ते अस्वल तिने तोवर जपले होते. १९८९ साली त्याचा लिलाव झाला तेव्हा १२,१०० पौंड आले. आता हे पैसे लाल रंगाचे होते, की त्या बापाचे, हे लिलाववाल्याला कसे सांगता येणार? आपल्या पुण्यातच बघा. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, खेळणी, वाद्ये असा हजारो वस्तूंचा डोंगर जमवला, आणि त्या संग्रहालयाला नाव दिले ते अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे. जमवणारा माणूस वस्तू मोजत असतो असे आपल्याला वाटते. तो पुष्कळदा दुसरेच काहीतरी मोजत असतो.

"बाबा," अभय थोड्या वेळाने म्हणाला, "भिंतीवरची ती खोकी मी विकायला घेतलेली नाहीत. मला फक्त माझेवाले परत हवे होते. ते मिळेनात, म्हणून नवे घेत गेलो."

अकरा रुपयांचा हिशेब मला तेव्हा कळला. मी 'चुकलो रे' म्हणालो. बापाच्या तोंडून हा शब्द निघायला बेचाळीस वर्षे लागली; तो ऐकून ही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

बाहेर आली ती तशीच शिवणाच्या मशीनकडे गेली. तिने खालचा खण ओढला. रिळे, हुक, एका बाजूचे कानातले, रेशनकार्डाची झेरॉक्स असे काय काय निघाले आणि सर्वांत तळाशी पावणेचार इंची एक शिपाई निघाला. अंगठा तुटलेला. अभयने त्याला नऊ वर्षांचा असताना चालू पंख्यावरून उडी मारायला लावली होती. त्यात कमरेतून दोन तुकडे झाले, आणि 'आई, याला बरा कर' म्हणून त्याने तो हिच्याकडे दिला होता. हिने बॉबिन भरायच्या चाकाची रबरी रिंग आत बसवून त्याला जोडला, पण परत द्यायच्या आधी अभयची परीक्षा आली, मग दुसरी परीक्षा आली, मग अमेरिका आली. रिंग थोडी मोठी असल्यामुळे शिपाई कंबर लचकल्यासारखा उभा राहतो.

संग्राहकांच्या भाषेत या वस्तूची किंमत शून्य. खोके नाही, अंगठा नाही, आतली रिंग अस्सल नाही.

अभयने तो रुमालात गुंडाळून हातातल्या बॅगेत नेला. परवा नातीने पुन्हा फोटो पाठवला. त्या चकचकीत भिंतीच्या मधोमध, साऱ्या बंद खोक्यांच्या पुढे, आमचा लंगडा शिपाई उघडाच उभा आहे. खाली लिहिले होते, 'आजोबा, याच्याशी खेळायची परवानगी आहे.'

मी फोटो हिला दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाली, "कंबर अजून लचकतेय. पुढच्या वेळी येताना घेऊन ये म्हणावं, छोटी रिंग आणून ठेवते."

पोहे तोवर गार झाले होते.