मुदान्स : समुद्राकाठचा महिना

आम्हां वसईकरांच्या धर्मग्रामांत मे महिना म्हणजे लग्नसराई, मसाले आणि वाळवणे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही मुलाबाळांसह त्याच्या काठी बिऱ्हाड थाटावे, असा रिवाज आमच्याकडे रुजला नाही. गोव्यातील सुस्थित ख्रिस्ती कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्याला तेथे 'मुदान्स' म्हणतात. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ बदल, स्थलांतर. येथे अभिप्रेत आहे तो हवापालट.

मडगाव, लोटली, कुडतरी येथील भाटकार घराणी कोलव्याला येत, बार्देशकर कळंगूट-बागा गाठीत, तर पणजीकरांना करंझाळे जवळ पडे. मडगावाहून कोलवा अवघे ६ किलोमीटर. एवढ्याशा अंतरासाठी बैलगाड्यांवर गाद्या, हंडे-पातेली, तांदूळ लादून निघायचे, याचे आज हसू येईल. पण सारे घरच हलवायचे, तेव्हा अंतर किती हा प्रश्नच नव्हता.

या प्रथेमागे वैद्यकाचाही हात होता. रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्याचा समुद्रजलाच्या उपयोगावरील ग्रंथ १७५२ साली इंग्रजीत आला आणि युरोपात समुद्रस्नान हा औषधोपचार गणला जाऊ लागला. पोर्तुगालमध्येही कुटुंबेच्या कुटुंबे 'स्नानाला' किनाऱ्यावर जात. गोव्यात मात्र खाऱ्या पाण्याने खरूज जाते, सांधे मोकळे होतात, हा विश्वास भाटकाराइतकाच कुळालाही होता. कुळाला महिनाभराची सवड नसे, एवढाच फरक.

काळही नेमका साधलेला असे. शेतीची कामे संपलेली, शाळांना सुट्टी, मुंबईत नोकरी करणारे गावी परतलेले. त्याच सुमारास पावसाळ्याची बेगमी, म्हणजे 'पुरुमेंत', भरायची असे. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचा सण आजही पुरुमेंताचे फेस्त म्हणूनच ओळखला जातो. तेव्हा घरच्या स्त्रियांना या हवापालटात विश्रांती कितीशी मिळाली असेल, याची आम्हांला शंकाच आहे. चूल फक्त जागा बदली.

खरी चैन मुलांची. सकाळी कोवळ्या उन्हात स्नान, मग रापण ओढण्याची गंमत. अर्धवर्तुळात टाकलेल्या त्या अवजड जाळ्याचे दोन्ही दोर माणसांच्या रांगा किनाऱ्यावरून ओढीत. कोणी पाहुण्याचे पोर दोराला हात लावी, तर त्याच्याही ओंजळीत चार मासळ्या पडत. भाटकाराचा आणि रापणकाराचा मुलगा एकाच दोराला लागे.

हे चित्र गोड आहे खरे, पण पुरते नाही. पुष्कळ पाहुणे उतरत ते कोळ्यांच्याच घरांत, भाड्याने. घरमालकाची मुले त्या दिवसांत कोठे निजत असतील, हे पाहुण्यांच्या आठवणींत सहसा येत नाही. भाड्याचे चार पैसे पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला लागल्यावर, कोळ्याच्या उपयोगी पडत, हेही तितकेच खरे.

१९६१ साली पोर्तुगीज सत्ता गेली. १९६४ च्या कूळकायद्याने भाटकारीचा पाया हलला आणि मुदान्सवर खर्च करणारी घरे आखडती झाली. मग हिप्पी आले. पाठोपाठ हॉटेले आली. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांनी रापणकारांच्या तोंडची मासळी पळवली. त्यांनी आंदोलने केली, तेव्हा कुठे १९८० साली मासेमारी नियमनाचा कायदा झाला. किनाऱ्यावरची जी खोली महिन्याच्या बोलीने कुटुंबाला मिळे, तिला पर्यटक रात्रीच्या हिशेबाने पैसे देऊ लागला. कोळ्याला त्याबद्दल दोष देणे आम्हांला जमणार नाही. आजवर दुसऱ्यांच्या सोयीने रिकाम्या होणाऱ्या त्या खोलीचा भाव आता प्रथमच त्याने ठरवला होता.

तरी स्नान सुटले नाही. मेच्या अखेरीस, दर्या खवळण्यापूर्वी, आतल्या गावांतली माणसे अजूनही सकाळी कोलव्याला येतात. गुडघाभर पाण्यात आजी उभी असते, लुगडे सावरीत, नातवाचे मनगट घट्ट धरून. लाट आली की ती त्याला खाली बसवते; नाकातोंडात पाणी जाऊन पोर रडते, आणि पुढच्या लाटेची वाट पाहते.