शून्य अंशाचा गुडघा

खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ओढलेली रेषा गुडघ्याच्या मधोमध गेली, तर पाय ‘शून्य अंशात’ आहे असं म्हणतात. गुडघा बदलताना हाड कुठे आणि किती कापायचं, हे अनेक दशकं या शून्यावरून ठरत आलं. हा शून्य आला कुठून?

सुरुवातीचे बिजागरीचे कृत्रिम गुडघे हाडात सैल व्हायचे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि इंजिनियर पीटर वॉकर यांचा ‘टोटल कॉन्डिलर’ गुडघा आला. (वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईत ब्रीच कँडीमध्ये त्यांचे गुडघे बदलणारे ते हेच राणावत.) भार एकाच बाजूला पडला तर प्लास्टिक झिजेल, सिमेंट सुटेल, ही भीती होती. म्हणून पाय सरळ करायचा. शून्य ही खबरदारी होती, शरीररचना नव्हे.

कारण निसर्गात नडगीच्या हाडाचा माथा साधारण ३ अंश आत कललेला असतो. तो काटकोनात कापला की गुडघा वाकवल्यावर बाहेरची फट मोठी आणि आतली छोटी होते. मग मांडीच्या हाडावरचा भाग ३ अंश बाहेर फिरवून बसवायचा. एक आकडा राउंड ऑफ केला की दुसरीकडे पॅच मारावा लागतो, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

हा पॅच मोजायचा कसा, यावर दोन पंथ पडले. इन्सॉल आणि लंडनचे मायकेल फ्रीमन म्हणायचे, लिगामेंट ताणून बघा, फट आयताकृती झाली पाहिजे. बाल्टिमोरचे हंगरफोर्ड आणि क्रॅको हाडावरच्या खुणांवरून मोजायचे. लिगामेंट आधीच आखडलेलं असेल तर पहिली पद्धत फसते. हाड झिजलेलं असेल तर दुसरी.

टेबलावरचा पेच आणखी वेगळा. पाय पूर्ण सरळ होत नाही, पण वाकतो नीट. मग काय कापाल? नडगी कापली तर दोन्ही फटी वाढतात, म्हणजे वाकवलेला गुडघा ढिला पडेल. मांडीच्या हाडाचं टोक थोडं जास्त कापलं तर फक्त सरळ पायातली फट वाढते. मात्र अति कापलं तर सांध्याची रेषाच वर सरकते. कापलेलं हाड परत जोडता येत नाही. इथे अनडू नाही.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ३९८ गुडघ्यांचा १५ वर्षांचा हिशेब मांडला. शून्याच्या आसपास, ३ अंशांच्या आत बसवलेले गुडघे बाकीच्यांपेक्षा जास्त टिकले, असं काही दिसलं नाही. २०१२ मध्ये बेल्जियमच्या योहान बेलेमन्स यांनी २५० निरोगी तरुण मोजले. ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मुळातच ३ अंश किंवा त्याहून जास्त बाकदार निघाले. अशा पायाला शून्यावर आणायचं म्हणजे आतलं निरोगी लिगामेंट सैल करायचं.

मग पेशंटचा मूळ पाय कसा होता? झिजेमुळे बाक वाढलेला असतो, एक्स-रेवर सरळ विश्वास ठेवता येत नाही. ऑस्ट्रेलियाचे सॅम्युएल मॅकडेसी यांनी साधी वजाबाकी सुचवली: नडगीचा कोन वजा मांडीच्या हाडाचा कोन. झिजलेली फट हिशेबात येतच नाही. समजा ८५ वजा ८८, उणे ३. म्हणजे हा माणूस झीज व्हायच्या आधीही ३ अंश बाकदार पायावरच चालत होता. रोबोट आता अर्ध्या अंशाइतकं नेमकं कापून देतो, पण लक्ष्याच्या चौकटीत ० भरायचा की उणे ३, ते सर्जनलाच टाइप करावं लागतं.