किट्झमिलर विरुद्ध डोव्हर एरिया स्कूल डिस्ट्रिक्ट

किट्झमिलर विरुद्ध डोव्हर एरिया स्कूल डिस्ट्रिक्ट हा अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील संघीय न्यायालयात २००५ साली चाललेला खटला होय. 'इंटेलिजन्ट डिझाइन' अर्थात बुद्धिपुरस्सर रचनेचा विचार सरकारी शाळेत उत्क्रांतीला पर्याय म्हणून मांडता येईल काय, हा प्रश्न या खटल्याद्वारे प्रथमच न्यायालयापुढे आला. न्यायालयाने त्याचे उत्तर नकारार्थी दिले.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या दुरुस्तीनुसार शासनाला कोणत्याही धर्माचा पुरस्कार करता येत नाही. उत्क्रांती शिकवण्यावरील बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली घटनाबाह्य ठरवली. उत्क्रांतीबरोबर 'सृष्टिनिर्मिती विज्ञान' शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियाना राज्याचा कायदाही १९८७ साली रद्द झाला. त्यानंतर बुद्धिपुरस्सर रचनेचा विचार पुढे आला. सजीवांची गुंतागुंत केवळ नैसर्गिक निवडीतून निर्माण होणे अशक्य असून तिच्यामागे कोणी बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे, असे त्याचे पुरस्कर्ते मानतात.

वादाचा उगम

ऑक्टोबर २००४ मध्ये डोव्हरच्या शाळा मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी या विचाराचा अभ्यासक्रमात समावेश केला. डार्विनचा सिद्धांत हे तथ्य नसून त्यात त्रुटी आहेत आणि 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक संदर्भासाठी उपलब्ध आहे, अशा आशयाचे निवेदन नववीच्या वर्गात वाचून दाखवण्याचे ठरले. विज्ञान शिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिल्याने जानेवारी २००५ मध्ये प्रशासकांनी ते वाचले. तत्पूर्वी डिसेंबर २००४ मध्ये अकरा पालकांनी न्यायालयात धाव घेतली होती.

निवेदनातील युक्तिवाद 'थिअरी' या शब्दाच्या दोन अर्थांवर आधारलेला होता. बोलीभाषेतील इंग्रजीत या शब्दाचा अर्थ अंदाज असा होतो. विज्ञानात मात्र पुराव्यांनी तपासलेल्या सुसंगत स्पष्टीकरणाला तो शब्द वापरतात. मराठीतील 'सिद्धांत' हा शब्द या दुसऱ्या अर्थाला जवळचा आहे.

सुनावणी

२६ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर २००५ या काळात न्यायाधीश जॉन जोन्स यांच्यापुढे ज्युरीविना सुनावणी झाली. मंडळाच्या बाजूने जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी जीवाणूच्या कशाभिकेचे उदाहरण दिले. तिचा एकही भाग काढल्यास ती निरुपयोगी ठरते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने विकसित होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वादींच्या बाजूने जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी दाखवून दिले की, तिच्यातील काही प्रथिनांशी साम्य असलेली प्रथिने अन्य जीवाणूंमध्ये विष टोचण्याचे काम करतात. म्हणजे अपुरा संच निरुपयोगी असतोच असे नाही. विज्ञानाच्या आपल्या व्यापक व्याख्येत फलज्योतिषही बसेल, हे बीही यांना उलटतपासणीत मान्य करावे लागले.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक बार्बरा फॉरेस्ट यांची साक्ष निर्णायक ठरली. 'ऑफ पांडाज अँड पीपल'च्या जुन्या मसुद्यांत निर्मितीवादाशी संबंधित जे शब्द होते, त्यांच्या जागी १९८७ च्या निकालानंतर 'इंटेलिजन्ट डिझाइन' हे शब्द घालण्यात आले होते. व्याख्या मात्र जवळपास तीच राहिली होती.

निकाल

२० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचा निकाल देण्यात आला. बुद्धिपुरस्सर रचना हे विज्ञान नसून ती निर्मितीवादापासून वेगळी करता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. उत्क्रांतीचा सिद्धांत परिपूर्ण नसला, तरी त्यामुळे तपासता न येणारा धार्मिक पर्याय विज्ञानाच्या वर्गात आणण्याचे समर्थन होत नाही, असेही नमूद केले. उत्क्रांती मान्य करणे म्हणजे ईश्वरावरील श्रद्धा नाकारणे, ही समजूत न्यायाधीशांनी चुकीची ठरवली.

परिणाम

निकालापूर्वीच, नोव्हेंबर २००५ च्या निवडणुकीत, पुन्हा उभे राहिलेले मंडळाचे आठही सदस्य पराभूत झाले. नव्या मंडळाने अपील केले नाही. वादींच्या कायदेशीर खर्चापोटी मंडळाला दहा लाख डॉलरहून थोडी अधिक रक्कम द्यावी लागली. अपील न झाल्याने हा निकाल वरिष्ठ न्यायालयात गेला नाही आणि इतर राज्यांवर तो बंधनकारक ठरला नाही. तरीही विज्ञान कशाला म्हणावे, याची न्यायालयात झालेली सविस्तर चिकित्सा म्हणून तो महत्त्वाचा मानला जातो.