सिल्व्हिया : मद्रासहून शोधलेला काळा लघुग्रह

मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यानच्या पट्ट्यातील मोठ्या लघुग्रहांमध्ये ८७ क्रमांकाच्या सिल्व्हियाची गणना होते. मद्रास (आताचे चेन्नई) वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉगसन यांनी १६ मे १८६६ रोजी त्याचा शोध लावला. ताऱ्यांची तेजस्विता ज्या प्रतींत मोजतात, त्यांना १८५६ मध्ये गणिती रूप देणारेही हेच पॉगसन. मद्रासहून त्यांनी १८६१ ते १८८५ या काळात पाच लघुग्रह शोधले. त्यांतील पहिल्याचे नाव 'एशिया'.

सिल्व्हिया सूर्यापासून सरासरी ५२ कोटी किलोमीटर अंतरावर असून त्याची एक प्रदक्षिणा सुमारे साडेसहा वर्षांत पूर्ण होते. स्वतःभोवती मात्र तो सव्वापाच तासांच्या आत फिरतो. त्याचा आकार गोल नसून लांबोळका आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे १८० किलोमीटर आहे. सिल्व्हियाची लांबी त्याच्या जवळजवळ दुप्पट भरते. एवढा मोठा असूनही तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अंतर हे त्याचे एक कारण, तर काळा पृष्ठभाग हे दुसरे. कोळशाप्रमाणे काळा असलेला हा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा जेमतेम विसावा भाग परावर्तित करतो.

अशा दूरच्या वस्तूचे वजन कसे करायचे, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. २००१ मध्ये हवाई बेटांवरील केक दुर्बिणीने सिल्व्हियाचा पहिला उपग्रह टिपला. चिलीतील 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'ने घेतलेल्या छायाचित्रांत दुसरा आढळला आणि २००५ मध्ये तो जाहीर झाला. दोन उपग्रह असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह ठरला. रोमन पुराणकथेतील सिल्व्हियाच्या जुळ्या मुलांवरून उपग्रहांना रोम्युलस व रेमस ही नावे मिळाली. रोम्युलस सुमारे साडेतीन दिवसांत, तर रेमस सुमारे ३३ तासांत सिल्व्हियाभोवती फिरतो.

उपग्रहाचे अंतर आणि प्रदक्षिणाकाळ कळला, की मूळ वस्तूचे वस्तुमान गणिताने काढता येते. त्यावरून सिल्व्हियाची घनता पाण्याच्या दीडपटीहूनही कमी असल्याचे स्पष्ट झाले. कोकणातला सच्छिद्र जांभा दगडही याहून जड असतो. म्हणजे हा लघुग्रह अखंड खडक नव्हे. त्याच्या अंतर्भागात पोकळ्या व बर्फ असावे, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. प्राचीन काळी झालेल्या प्रचंड टकरीत उडालेल्या मलब्यातून दोन्ही उपग्रह निर्माण झाले असावेत.

पॉगसन यांनीच १८६८ मध्ये मद्रासहून शोधलेला कॅमिला हाही असाच मोठा व काळा लघुग्रह आहे. त्याचेही दोन उपग्रह २००१ व २०१६ मध्ये उघडकीस आले. पॉगसन यांना हे दोन्ही लघुग्रह केवळ प्रकाशाचे अंधूक ठिपके म्हणून दिसले होते. त्यांची स्थाने मात्र त्यांनी काटेकोरपणे नोंदवून ठेवली. पुढील दीड शतकातील संशोधन त्याच नोंदींपासून सुरू झाले.